घरचा स्विमिंग पूल: देखभाल, डाग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणावळा, कर्जत, अलिबाग, नाशिक या पट्ट्यात बंगल्यामागे छोटा पूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पूल बांधणारा चावी देऊन जातो. मागे उरतात केअरटेकर, एक पंप आणि निळा डबा. डब्यावर काय लिहिलंय ते सहसा कोणी वाचत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, दुसऱ्यात तळाशी तांबूस डाग दिसू लागतात, आणि मग कोणीतरी सुचवतं की रिकामा करून ॲसिड मारा. तसं करण्याआधी हे वाचा.

खालची सगळी मापं ४०,००० लिटरच्या, टाइल्स लावलेल्या काँक्रीटच्या पूलसाठी आहेत. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर त्या हिशेबाने कमी-जास्त करा.

माझ्या पूलमध्ये किती लिटर पाणी आहे, हे कसं काढू?

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला १,००० ने गुणा. ८ मीटर × ४ मीटर × १.२५ मीटर म्हणजे ४०,००० लिटर. उथळ बाजू ०.९ आणि खोल बाजू १.६ मीटर असेल, तर सरासरी १.२५. हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. तो माहीत नसेल तर औषधाचं प्रत्येक माप अंदाजपंचे ठरतं.

पाण्याचे आकडे किती असावेत?

पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते, ७.२ ते ७.६. मोकळं, म्हणजे अजून कामाचं असलेलं, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर धरणारे क्षार, ८० ते १२०. कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, २०० ते ४००. सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं स्टॅबिलायझर, ३० ते ५०.

क्लोरीन आणि पीएच रोज बघा, अल्कलिनिटी आठवड्याला, बाकीचं महिन्यातून एकदा. कॅल्शियमच्या बाबतीत घाटावरच्या लोकांना फार पर्याय नसतो. बेसॉल्टमधून येणारं बोअरचं पाणी मुळातच जड असतं. पीएच ७.२-७.४ च्या दरम्यान धरून ठेवला तर तो जडपणा बराचसा निभावून नेता येतो.

पिवळ्या आणि लाल बाटलीचं स्वस्त टेस्ट किट चालेल का?

सुरुवातीला चालेल, पण त्याची मर्यादा ओळखून. पिवळा रंग देणारं ओटीओ द्रावण पाण्यातलं एकूण क्लोरीन दाखवतं. त्यातलं किती कामाचं आणि किती घाम-लघवीशी जुळून निकामी झालेलं, हे त्यातून कळत नाही. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट मोकळं क्लोरीन वेगळं मोजतं, म्हणून ते घ्या. पीएचचं लाल द्रावण क्लोरीन फार जास्त असताना जांभळं होऊन फसवतं. जोरदार डोस दिल्याच्या दिवशीचा पीएच त्यामुळे धरू नका.

कुठलं क्लोरीन घ्यावं? दुकानदार प्रत्येक वेळी वेगळंच देतो.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. ४०,००० लिटरमध्ये १ पीपीएम वाढवायला शुद्ध क्लोरीन ४० ग्रॅम लागतं. त्यावरून प्रत्येकाचं माप ठरतं.

टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) ९० टक्के, गोळ्या किंवा दाणे: साधारण ४५ ग्रॅम. सोयीचं, टिकाऊ आणि म्हणूनच सगळ्यांच्या आवडीचं. पण ते आम्लधर्मी आहे, पीएच आणि अल्कलिनिटी हळूहळू खाली खेचतं. शिवाय प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे पाण्यात ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड सोडतं. रोज २ पीपीएम देत राहिलात तर महिन्यात ३६ पीपीएमची भर. सायन्युरिक ॲसिड उन्हाने उडत नाही, गाळणीत अडकत नाही. पाणी बदलूनच कमी होतं. ते १०० च्या वर गेलं की किट क्लोरीन दाखवतं आणि तरी शेवाळ वाढतं. ‘औषध लागूच पडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५ टक्के: साधारण ६० ग्रॅम. सायन्युरिक वाढवत नाही, कॅल्शियम वाढवतं. जड पाण्याच्या गावात रोज वापरू नये. अधूनमधून मोठा डोस द्यायला उत्तम.

द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट १० टक्के: साधारण ४०० मिलिलिटर. मागे फार काही ठेवत नाही, पण उन्हात ठेवलेला कॅन भराभर निकामी होतो. मे महिन्यात ताजा माल मिळत असेल तरच घ्या.

ब्लीचिंग पावडर: सर्वात स्वस्त, आणि पूलसाठी सर्वात गैरसोयीची. न विरघळणारा चुना पाणी गढूळ करतो. विहिरीत टाकायला ठीक आहे.

माझं मत विचाराल तर सुट्टीचा पूल असेल तर टीसीसीए आणि वर्षातून थोडं पाणी बदलणं. रोज कोणी घरी असेल तर द्रवरूप. काहीही वापरा, संध्याकाळी टाका. स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्यातलं क्लोरीन भर दुपारच्या उन्हात तासाभरात निम्म्यावर येतं.

पूलला क्लोरीनचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. कमी टाकू का?

उलट. तो वास सहसा घाम आणि लघवीतल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जुळलेल्या क्लोरीनचा असतो. मोकळं क्लोरीन पुरेसं असेल तर एवढा वास येत नाही. एकूणमधून मोकळं वजा करा. जे उरेल त्याच्या दहापट क्लोरीन एकदाच संध्याकाळी द्या आणि पंप रात्रभर चालू ठेवा. पोहण्याआधी अंघोळ सक्तीची केलीत तर हा प्रश्न निम्मा सुटतो. डोक्याला खोबरेल चोपडून उतरणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगा. पाण्याच्या कडेला टाइल्सवर जी चिकट काळपट रेघ बसते, ती त्या तेलाची आणि सनस्क्रीनची. खायचा सोडा ओल्या स्पंजवर घेऊन घासली की निघते. भांड्याचा साबण वापरू नका, फेस दिवसभर जात नाही.

बॅकवॉश कधी करायचा?

बॅकवॉश म्हणजे फिल्टरमधल्या वाळूतून उलटं पाणी सोडून ती धुणं. तो वार लावून नाही, प्रेशर गेज बघून. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवा. त्यापेक्षा ८-१० पीएसआय वाढला की करा. पंप बंद करूनच मल्टिपोर्ट व्हॉल्वची, म्हणजे फिल्टरवरच्या पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्वची, दांडी फिरवा, चालू पंपावर फिरवली तर आतला गॅस्केट जातो. बॅकवॉशवर व्हॉल्वच्या काचेतलं पाणी स्वच्छ होईपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स, मग पुन्हा फिल्टर. रिन्स टाळली तर उरलेला गाळ परत पूलमध्ये येतो. सारखा बॅकवॉश करणंही चूक. वाळूत थोडा मळ बसलेला असतो तेव्हाच ती बारीक कण नीट अडवते.

तळाशी आणि भिंतीवर डाग आहेत. कशाचे, हे घरच्या घरी कसं ओळखू?

इथे घाई करू नका. सेंद्रिय डाग क्लोरीनने जातो आणि लोखंडाचा डाग क्लोरीनने पक्का होतो. म्हणजे चुकीचं औषध नुसतं वाया जात नाही, काम वाढवून ठेवतं.

आधी नीट बघा. पानाच्या आकाराचा, झाडाखालच्या कोपऱ्यातला तपकिरी किंवा हिरवट डाग सेंद्रिय असण्याची शक्यता जास्त. सगळीकडे पसरलेली पिवळट-तांबूस झाक, विशेषतः पाणी आत येतं त्या तोंडांपाशी आणि पायऱ्यांवर, म्हणजे लोखंड. निळसर-हिरवा किंवा काळपट म्हणजे तांबं. जांभळट काळा असेल तर मँगनीज असू शकतं. पांढरा, खरखरीत थर म्हणजे कॅल्शियम. बोटाला बुळबुळीत लागतं आणि ब्रशने थोडं तरी सुटतं ते शेवाळ, डाग नाही.

मग दोन परीक्षा करा. पहिली: केमिस्टकडून व्हिटॅमिन सीची साधी गोळी आणा आणि डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरा. त्याहून बरं, केमिकलच्या दुकानातून ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर आणून पांढऱ्या मोज्यात थोडी बांधा आणि तो मोजा धरा. तेवढी जागा उजळली तर डाग धातूचा, बहुधा लोखंडाचा. दुसरी: पंप बंद करून तळाच्या डागावर कॅल्शियम हायपोक्लोराइटचे थोडे दाणे टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी ब्रश मारा. फिका झाला तर सेंद्रिय. फायबरग्लास किंवा व्हिनाइल लायनरच्या पूलमध्ये ही दुसरी परीक्षा करू नका, रंगच उडेल.

दोन्हींनी काही झालं नाही तर लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मोज्यात बांधून तसंच करून बघा. तांब्यावर ते जास्त चालतं.

बोअरचं पाणी भरलं तेव्हा काचेसारखं होतं. क्लोरीन टाकल्यावर चहाच्या रंगाचं झालं. पाणी खराब होतं का?

पाण्यात लोखंड होतं. जमिनीखाली, हवेचा संपर्क नसताना, ते विरघळलेल्या रूपात असतं आणि डोळ्याला दिसत नाही. क्लोरीन त्याचं ऑक्सिडीकरण करतं, गंज तयार होतो आणि पाणी रंगतं. कोकणात हे नेहमीचं आहे, कारण जांभ्या दगडाचा तांबडा रंगच मुळी लोखंडाच्या ऑक्साइडचा.

आता झालंच आहे तर त्याचा फायदा घ्या. लोखंड पाण्यातून बाहेर पडलंय तोवर गाळून काढा. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, पंप सलग चालू ठेवा, प्रेशर वाढेल तसा बॅकवॉश करत राहा. गढूळपणा हटत नसेल तर तुरटी बादलीत विरघळवून पाण्यावर पसरा, थोडा वेळ फिरवून पंप बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढा. ओढताना व्हॉल्व फिल्टरवर नाही, वेस्टवर ठेवा, म्हणजे पाणी थेट बाहेर जाईल. नाहीतर सगळी तुरटी वाळूत जाऊन बसते. तुरटीने अल्कलिनिटी उतरते, ती नंतर तपासा.

पुढच्या वेळी भरण्याआधी एक बादली बोअरचं पाणी घ्या, त्यात चमचाभर द्रवरूप क्लोरीन टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस झालं किंवा तळाशी गाळ दिसला तर टँकर मागवलेला परवडेल. टँकरच्या पाण्याचीही अशीच बादली करा. तोही कुठल्या तरी बोअरवरच भरलेला असतो.

लोखंडाचे डाग पक्के बसले आहेत. ते काढायची पद्धत काय?

पूल रिकामा न करता, ॲस्कॉर्बिक ॲसिडने. ते गंजाचं पुन्हा विरघळणाऱ्या लोखंडात रूपांतर करतं आणि डाग पाण्यात उतरतो.

आधी क्लोरीन शून्याजवळ येऊ द्या. डोस थांबवला की उन्हात ते आपोआप उतरतं, घाई असेल तर क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट. क्लोरीन शिल्लक असेल तर ते महागडं ॲस्कॉर्बिक ॲसिड खाऊन टाकतं. शेवाळ या संधीची वाट बघत असतं, म्हणून तांबं नसलेलं शेवाळनाशक आधीच घाला. पीएच ७.२ करा. मग पंप चालू ठेवून २५० ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड डाग जास्त असलेल्या बाजूने पसरा. तासाभराने फरक दिसतो. डाग उरले तर आणखी २५० ग्रॅम.

डाग गेले म्हणून इथे थांबलात तर आठवड्यात परत येतील, कारण लोखंड अजून पाण्यातच आहे. लगेच सिक्वेस्ट्रंट घाला. हे औषध धातू पाण्यात धरून ठेवतं, भिंतीवर बसू देत नाही. माप डब्यावर असतं, ते पाळा. चोवीस तासांनी क्लोरीन थोडं थोडं करून सुरू करा, आधी १ पीपीएमपर्यंत. पीएच पहिले काही दिवस ७.२ च्या आसपासच ठेवा. पुढचे दोन आठवडे जोरदार डोस नाही. सिक्वेस्ट्रंट कायमचं नसतं, क्लोरीन ते हळूहळू मोडतं. त्यामुळे दर काही आठवड्यांनी थोडं थोडं घालत राहावं लागतं. लोखंड खरंच कमी करायचं असेल तर लोखंड नसलेलं पाणी मिळेल तेव्हा थोडं थोडं बदला.

पूलवाला म्हणतो, शेवाळासाठी मोरचूद टाकू. टाकू द्यावं का?

नाही. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं, द्राक्षबागांच्या बोर्डो मिश्रणातही तेच असतं. पण मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि ते तांबं पाण्यात साचत जातं. पीएच वर गेला की टाइल्सच्या जोडांत निळसर-हिरवं बसतं. पोहणाऱ्यांच्या पिकलेल्या किंवा रंग उडालेल्या केसांना हिरवट झाक येते, तीही या तांब्याची. दोष मात्र क्लोरीनला लागतो. सायन्युरिक ॲसिड खूप जास्त असेल तर जांभळट थरही बसतो. शेवाळाला क्लोरीन आणि ब्रश पुरतात. हिरव्या पूलला १० पीपीएमपर्यंत क्लोरीन चढवा, दिवसातून दोनदा ब्रश मारा, गाळणी सलग चालवा.

तांब्याचे डाग आधीच असतील तर हात पोचेल तिथे लिंबूफुलाची मोज्यातली पुरचुंडी आणि नंतर सिक्वेस्ट्रंट. पाणी तापवायचं यंत्र बसवलेलं असेल तर पीएच ७ च्या खाली किती दिवस होता तेही बघा. आम्लधर्मी पाणी आतली तांब्याची नळी खातं.

जांभळं, काजूची बोंडं, आंब्याची पानं यांचे डाग?

क्लोरीनने जातात. ताजी असताना जाळीने काढा. पाण्यात दोन दिवस राहिली की टॅनिन, म्हणजे डाग पाडणारा तुरट रस, उतरतं. झाड तोडू नका, फांदी छाटा.

टाइल्सवर पाण्याच्या पातळीला पांढरी खरखरीत रेघ आहे. कितीही घासली तरी जात नाही.

व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर अर्धं पाणी घालून स्पंजने लावा, दहा मिनिटं राहू द्या, मग प्लास्टिकच्या ब्रशने घासा. जाड थर असेल तर ओला प्युमिस दगड, पण तो साध्या सिरॅमिक टाइलवर. काचेच्या मोझेकवर चरे पडतात. फसफसलं नाही तर तो सिलिकेटचा थर आहे, तिथे घरगुती उपाय फारसे चालत नाहीत. उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर पाणी उडतं, क्षार मागेच राहतात आणि वर आपण पुन्हा बोअरचं जड पाणी ओततो. त्यामुळे मेअखेर ही रेघ हमखास येते.

एकाच जागी पुन्हा पुन्हा तांबडा ठिपका येतो.

हा पाण्यातून आलेला डाग नाही. बाहेरून काही पडलेलं असेल, जसं केसांची पिन किंवा खिळा, तर ते उचला. तसं काही नसेल तर काँक्रीटमधली सळई किंवा बांधणीची तार गंजते आहे. ती जागा खणून, गंज काढून पुन्हा बुजवावी लागते. हे काम ठेकेदाराचं, आणि जितकं उशिरा कराल तितका खड्डा मोठा.

सगळं रिकामं करून ॲसिडने धुतलं तर एकदाच सुटेल ना?

हे हायड्रोक्लोरिक ॲसिड डागासकट टाइल्सच्या जोडातलं सिमेंटही खातं. पुढचा डाग त्या खडबडीत जागी आणखी घट्ट बसतो. शिवाय बाजारात मिळणारं पिवळट ॲसिड पिवळं असतं ते त्यातल्या लोखंडामुळे. पीएच उतरवायलाही रंगहीन, चांगल्या प्रतीचंच घ्या. एका वेळी ३०० मिलिलिटर, बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून, आणि चार तासांनी पुन्हा तपासून. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही.

पावसाळ्यात तर पूल रिकामा करूच नका. जुलैत कोकणात जमिनीतलं पाणी हाताच्या अंतरावर असतं. रिकाम्या पूलला ते खालून उचलतं, तळाला तडे जातात. फायबरग्लासचा पूल तर अख्खा वर येऊ शकतो.

पावसाळ्यात पूल बंद ठेवला तर चालेल का?

पोहणं बंद ठेवा, पंप नाही. रोज दोन-तीन तास फिरवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सव्वा मीटर सरासरी खोलीच्या पूलवर चार मीटर पाणी ओतण्याचा हा प्रकार. १०० मिलिमीटरच्या एका दिवसात पूलचं सुमारे आठ टक्के पाणी बदलतं. क्लोरीन, अल्कलिनिटी, कॅल्शियम सगळं पातळ होतं. चांगली बाजू अशी की साचलेलं सायन्युरिकही उतरतं. अल्कलिनिटी १० ने चढवायला साधारण ७०० ग्रॅम खायचा सोडा लागतो. पीएचही चढवायचा असेल तर धुण्याचा सोडा, २०० ग्रॅमपासून.

पागोळ्यांचं पाणी पूलमध्ये पडू देऊ नका, विशेषतः गंजलेल्या पत्र्याचं. उताराकडून तांबडी माती वाहून येत असेल तर मे महिन्यातच बांध किंवा चर काढून घ्या.

पाणी रोज कमी होतंय. गळती आहे का?

बादलीत पूलचंच पाणी भरून ती पायरीवर ठेवा, बादलीच्या आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खुणा करा. चोवीस तासांनी दोन्ही सारख्याच उतरल्या तर बाष्पीभवन. पूलची जास्त उतरली तर गळती.

औषधं ठेवायची कुठे?

पंपाच्या खोलीत नको, तिथे दमट असतं. कुलुपात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट शेजारी नको, आणि दोघांना एकच चमचा तर मुळीच नको. एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू निघतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी पूलमध्येही टाकू नका, मध्ये काही तास जाऊ द्या. केअरटेकर हे डबे हाताळत असेल तर त्याला हातमोजे, चष्मा द्या आणि डब्यांवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा.

औषध टाकल्यावर किती वेळाने उतरायचं?

घड्याळावर नाही, किटवर. मोकळं क्लोरीन ३ च्या आत, पीएच ७.२ ते ७.६ आणि खोल बाजूचा तळ स्पष्ट दिसत असेल तर उतरा. तळ दिसत नसेल तर क्लोरीन कितीही बरोबर असो, मुलांना पाण्यात सोडू नका. बुडणारं माणूस दिसलं पाहिजे.

मग पूलवाल्याला बंदच करू का?

रोजचं पाणी, ब्रश, बॅकवॉश आणि वर सांगितलेले डाग यांसाठी त्याची गरज नाही. पण पंपाचा आवाज बदलला, गेजचा काटा शून्यावर आला, सळई गंजलेली निघाली किंवा पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर माणूस बोलवा. शेवटच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद करा आणि पूलवाला नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. करार चालू ठेवलात तरी त्याच्याकडून वही मागा: तारीख, पीएच, क्लोरीन, गेजचा आकडा, काय टाकलं आणि किती. ‘पावडर टाकली’ एवढीच नोंद असेल तर कुठली पावडर ते विचारा.